ताईच्या वॉर्डाबाहेर वाजलेला अल्बम

त्या सकाळी लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत लूमचा खडखडाट नव्हता. चौऱ्याण्णव साल, सुरतेत प्लेग... अर्ध्या घरांना कुलपं, आणि मागे राहिलेल्यांच्या तोंडाला रुमाल.

आई धाकट्या भावाला घेऊन अमळनेरला गावी गेली होती. वडील, म्हणजे नाना, आणि मी मात्र थांबलो, कारण ताईला सरकारी दवाखान्यात वेगळ्या वॉर्डात ठेवलं होतं. ताप, खोकला, छातीत दुखणं... रेडिओवर सांगत होते ती सगळी लक्षणं. रिपोर्ट यायचा होता.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. वॉर्डाच्या मागच्या बाजूला, शेवटच्या जाळीच्या खिडकीशी ताईची खाट आहे, एवढं एका आयाबाईंनी सांगितलं. "बोलते का ती?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गं... हाक मारली तरी डोळे उघडत नाही."

मी खिडकीखाली उभी राहून हाका मारल्या. घसा बसेपर्यंत. आतून नुसता खोकल्याचा आवाज... तो ताईचा की दुसऱ्या कुणाचा, तेही कळेना.

आता त्या अल्बमबद्दल सांगते. त्या वर्षी एका नव्या पॉप गायिकेची कॅसेट आली होती. कव्हरवर आखूड केस, पुरुषी शर्ट, आणि कॅमेऱ्याकडे न बघता हसणारी ती. ताई घरी साड्यांना लेस लावायची. कॅसेट आणल्यापासून त्या गाण्यांशिवाय तिची सुई चालायची नाही. त्या गायिकेसारखेच केससुद्धा कापून आली होती... आईने कितीतरी दिवस अबोला धरला होता.

"ही बाई सर्दी झाल्यासारखी गाते," असं आई म्हणायची. पण आम्हाला तेच आवडायचं! सिनेमातल्या गाण्यांसारखा गुळगुळीत आवाज नव्हता तो. एका गाण्यात ती मध्येच हसते आणि ते हसू तसंच ठेवलंय. एकात वाद्यं थांबतात आणि नुसता तिचा श्वास ऐकू येतो... शेजारी बसून कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटायचं.

ए साईडला सगळी नाचाची गाणी, बी साईडला शांत. मला ए आवडायची, ताईला बी. यावरून आमची रोज भांडणं.

हाका वाया गेल्यावर मला दुसरं काहीच सुचेना. रिक्षा मिळत नव्हती, चालतच घरी गेले आणि टेपरेकॉर्डर उचलून आणला. त्यातले सेल जवळजवळ संपलेले, आणि दुकानं बंद. शेवटी नानांच्या बॅटरीतले काढून घातले, तरी जुने दोन ठेवावेच लागले.

गेटवर नाना बसले होते. माझ्या हातात टेप बघून त्यांचा चेहराच उतरला. पोरगी भ्रमिष्ट झाली असंच वाटलं असावं त्यांना. "तू घर जाय व संगे, मी आठेच शे," एवढंच अहिराणीत म्हणाले. ते इथेच थांबणार होते, पण मीही गेले नाही.

खिडकीखाली टेप ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. ढोल, गिटार, आणि ती... दवाखान्याच्या त्या शांततेत मला स्वतःचीच लाज वाटली. वॉचमनकाका धावत आले. "अरे बेन, आ दवाखानुं छे, लग्न नथी!"

मी हात जोडले. माझी बहीण आत आहे, उत्तर देत नाही, एवढी एक बाजू वाजू द्या... रडत रडत हिंदी, गुजराती, जे तोंडात येईल ते बोलले. काका रुमाल सावरत तिथेच उभे राहिले.

ए साईड संपली. खटकन बटण वर आलं. आतून काहीच नाही.

मला कॅसेट उलटायचं भानही नव्हतं. रिवाइंड करून तीच बाजू पुन्हा लावली. सेल उतरत चालले होते, तिचा आवाज जड होऊन ओढल्यासारखा येत होता. काका म्हणाले, "बस, बेन. हवे बंध करो." मी बटणाकडे हात नेला.

आणि जाळीतून आवाज आला. चिरका, बसलेला, पण आमचाच...

"संगेऽऽ... बाजू बदल ना व!"

वॉचमनकाका गेटकडे धावले, आणि नाना पळत आले. "काय बोलनी? काय बोलनी ती?" "बाजू बदल म्हणते," म्हणत मी टेपकडे बोट दाखवलं. ज्या माणसाने जन्मात टेपला हात लावला नव्हता, त्याने कॅसेट काढली, आधी वाकडी घुसवली, मग नीट बसवली आणि बटण दाबलं.

बी साईडचं मधलंच एक गाणं फार सावकाश, रडवेलं वाजलं. तरी आतून दुसरंच कुणीतरी ओरडलं, "आवाज बढाओ!"

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. प्लेग नव्हता, न्यूमोनिया होता. ताई घरी आली तेव्हा काठीसारखी झाली होती. आल्या आल्या आधी माझ्यावर करवादली... सेल संपत आल्यावर कॅसेट लावतात का, फीत खराब होते!

त्या गायिकेचे पुढचे अल्बम फारसे चालले नाहीत म्हणे. आम्ही दोघींनी मात्र प्रत्येक घेतला. तिला गाता येत नाही असं म्हणणारे आजही भेटतात, आणि मी वाद घालत नाही.

कुठल्याशा स्टुडिओत ती गाऊन गेली. तिच्या गाण्यामुळे सुरतेत एक आजारी मुलगी आपल्या बहिणीवर चिडली, हे तिला कधी कळणारही नाही. कुणी माझ्यावर चिडलं म्हणून इतका आनंद मला पुन्हा कधीच झाला नाही... तेवढ्यासाठी तिचे आभार.