ऑपरेटरमामाचे दोन प्लेअर

माझा मामा सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होता, आणि आमच्या अख्ख्या खानदानात त्याच्याइतका हट्टी माणूस दुसरा झाला नाही. लहानपणी सुट्टीत मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसायची. दोन थोरली यंत्रं, तापलेल्या तेलाचा वास आणि बनियनवर उभा असलेला घामाघूम मामा. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. मामा लगेच दुसरं यंत्र चालू करायचा, ते वेग धरेपर्यंत थांबायचा आणि खटकन बदली करायचा. खाली प्रेक्षकांना पत्ताही लागायचा नाही.

थिएटर बंद पडलं. पुढे मामी एकेक गोष्ट विसरायला लागली. दुपारी ती कॉम्प्युटरसमोर शांत बसायची, कारण तिथं एक बाई लोकर विणत हळू आवाजात बोलत असायची आणि मामीचे हातही लोकर घेऊन तिच्याबरोबर चालायचे. पण व्हिडिओ संपला की घात. मामीला वाटायचं, खेळ सुटला, आता घरी जायचं. ती उठून दार उघडायची. एकदा ती अनवाणी थेट बसस्टॉपवर सापडली. मामाला अंघोळीला जायचीही चोरी झाली.

मी पोटासाठी वेबपेजं बनवते. मामा म्हणाला, "माझ्या दोन यंत्रांसारखे एका पानावर व्हिडिओचे दोन प्लेअर बसव. एक संपला की दुसरा. कसं करायचं ते मला शिकव."

"मामा, जावास्क्रिप्टचा कोड लिहायला शिकणार तू? या वयात?"

"वयाचं तू नको सांगूस. तुझे केस माझ्याआधी पिकलेत."

शिकवलं मग. पानात बसवलेल्या प्लेअरला कोडमधून हुकूम देता येतात, सुरू हो, थांब, आवाज बंद कर. तोही उलट कळवत राहतो, किती झालं, किती उरलं. मामा खूश. "ठिपका देतो की हा!" दोन बोटांनी टाइप करत, मला शिव्या घालत त्यानं कोड लिहिला.

पहिल्याच दिवशी गोंधळ उडाला. पहिली बाई बोलतेय तोवर दुसरी सुरू झाली, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. मामी कानावर हात ठेवून रडायला लागली.

मी कोड उघडला आणि डोक्याला हात लावला. मामानं दुसरा प्लेअर काही सेकंद आधीच चालू केला होता, आवाजासकट.

"अरे, हे काय केलंस?"

"वेग धरायला नको का त्याला?"

हसावं की रडावं कळेना. "मामा, याला मोटर नाही रे! आधीच आवाज बंद करून चालू करायचा, पहिल्या चित्रावर थांबवून झाकून ठेवायचा. पहिला संपला की याला पुढे आणून चालू करायचा आणि आवाज सोडायचा."

त्यानं स्वतःची ती ओळ पुसून टाकली. मग म्हणाला, "म्हणजे माणूस लागतच नाही." मला वाईट वाटलं, पण खोटं काय सांगणार?

दुसऱ्या दुपारी मामानं बटण दाबलं. पहिला व्हिडिओ संपला, दुसरा आला. मामीचे हात क्षणभरही थांबले नाहीत. मग पहिल्या प्लेअरवर तिसरा आला. मामा निवांत अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. त्याला आता काहीच काम उरलं नव्हतं. थिएटरातला प्रत्येक सिनेमा मामीनं एकटीनं पाहिला होता, कारण नवरा वर केबिनमध्ये असायचा. आता तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकला.

मामीनं पडद्यावरची नजर न हलवता हळूच सांगितलं, "तिथं नका बसू. आमच्या यांची जागा आहे ती. खेळ संपला की येतील."

मामा उठला नाही. तो म्हणाला, "येऊ देत की. तोवर बसतो मी."

मामीनं जरा विचार केला, आणि मांडीवरून त्याच्या खुर्चीवर ओघळलेली लोकर आवरून त्याला जागा करून दिली.