आप्पांनी लावलेलं वेड

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला गोष्टीची पुस्तकं वाचायला सवड नव्हती आणि आवड तर मुळीच नव्हती. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि दिसेल तेवढंच लिहायचं.

माझे सासरे, आप्पा, लोखंडाच्या गोदामात तीस वर्षं क्रेन चालवत होते. छताजवळच्या केबिनमध्ये एकदा चढले की जेवायच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणं नाही. ट्रक येईपर्यंत वाचत बसायचे, आणि तेही फक्त अद्भुत कादंबऱ्या. उडती शहरं, बोलणारी झाडं, शापित राण्या. निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत डोळ्यांनी दगा दिला. कडेचं तेवढं दिसे, समोरची अक्षरं पुसलेली.

एका रविवारी ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सूनबाई, दहा पानं वाचून दाखवशील?"

माझ्या नवऱ्यानं केव्हाच हात वर केले होते. मला नाही म्हणवेना. पण वाचताना मनात म्हणायचे, काय हा पोरखेळ! तिसऱ्या दिवशी चार पानं हळूच गाळली.

"थांब," आप्पा म्हणाले. "घोडा लंगडत होता ना? मग नदी कशी ओलांडली त्यानं?"

"जादूचंच पुस्तक आहे, आप्पा. ओलांडली असेल कशीतरी."

"म्हणून काय वाट्टेल ते चालतं होय? जादूलाही नियम असतात."

मी गाळलेल्या पानांवर परत गेले. घोड्याचा पाय बरा व्हावा म्हणून एका म्हातारीनं आपल्या आईची आठवण देऊन टाकली होती. आईचा चेहरा तिला पुन्हा कधीच आठवणार नव्हता. मला पुस्तक मिटवेना. त्या दिवशी दहाची चाळीस पानं झाली.

चार वर्षांनी माझ्या गळ्यातली गाठ काढली. पंधरा दिवस बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. गाठ कसली, याचा अहवाल यायचा होता. दुसऱ्यांचे अहवाल लिहिणारी मी, पण जेवण जाईना. आप्पा पलंगाशी खुर्ची ओढून बसले. मांडीवर आम्ही वाचत आलेल्या कादंबरी-मालिकेचा नवा भाग.

"आता मी वाचतो. अक्षर दिसत नाही, तेव्हा मला हवं तसं वाचणार. तू चमच्यानं पेल्यावर वाजव. एकदा म्हणजे पुढे, दोनदा म्हणजे चुकलं."

आणि तळ्याखालच्या एका शहराची गोष्ट त्यांनी रचली. रोज तासभर. एकदा आदल्या दिवशी मेलेल्या पहारेकऱ्यानं दार उघडलं. मी दोनदा वाजवलं.

"मेला होता का? मग त्याचा भाऊ असेल."

पुन्हा दोनदा.

"बाप रे, फारच कडक आहेस. बरं, सुधारतो."

मी हसले. टाके दुखले, तरी हसले.

अहवाल आला, गाठ साधी निघाली. आवाज परतला, जरासा घोगरा. मग तो भाग खरोखर वाचला, तर त्यात ते शहर नव्हतंच. मी हिरमुसले.

"लेखकाला सुचलं नसेल," आप्पा म्हणाले.

पुढे नऊ वर्षं ते होते. ते गेल्यावर सहा महिन्यांनी त्या मालिकेचा शेवटचा भाग आला. मी दोन दिवस रजा काढून तो वाचला. नवऱ्यानं ताट समोर आणून ठेवलं आणि विचारलं, "कसा आहे शेवट?"

"पहिल्यापासून सांगावं लागेल."

"मग सांग," म्हणाला आणि समोर बसला.