उघड्या तोंडाच्या बाहुल्या

आर्वीच्या बाजारात एक बाई बाहुल्या विकायला बसायची. डोकं भाजलेल्या मातीचं, अंग जुन्या लुगड्याचं, आत कापूस. बसल्याबसल्या तंबाखू चघळत ओल्या मातीच्या डोक्यांत काडी खुपसून ती त्यांना तोंडं पाडायची.

एकदा माझ्या सासूबाईंनी सगळ्या बाहुल्या उलथ्यापालथ्या करून तिला विचारलं, "काऊन वं, तोंड मिटलेली एकबी नाई? आमच्या सुनेसारखी?"

"पोकळ डोकं आहे, माय. आतल्या वाफेले वाट पायजे. तोंड मिटलं का भट्टीत डोकं फुटते."

लग्नापासून मी तोंड मिटूनच होते. एक बाहुली घेऊन निघालो, आणि परतीच्या एसटीत सासूबाईंना सांगून टाकलं, तुमची वांग्याची भाजी खारट असते.

आमचं गाव रोहणा आलं तरी त्यांचं तोंड मांडीवरच्या बाहुलीसारखं उघडंच होतं.