वरच्या रांगेतले चेहरे

कंपनीच्या वार्तापत्राचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं फिरतं. आमची डाळमिल लातूरच्या एमआयडीसीत, तिचंच दुसरं युनिट नांदेडला. दोन्हीकडच्या माणसांना कामाची खबरबात कळावी म्हणून दर महिन्याला चार पानांचा अंक काढायचं ठरलं. मला चार ओळी बऱ्या लिहिता येतात, एवढ्याच गुन्ह्यावरून तो माझ्या गळ्यात पडला.

मी मनापासून आखणी केली होती. हा अंक माणूस चहाच्या सुट्टीत उघडणार, उभ्याउभ्या. तेव्हा त्याच्या गरजेचं ते पहिल्या पानावर, ठळक. वाक्यं छोटी, अक्षरं मोठी, साहेबांचं भाषण नको. आता हसू येतं.

मांडणीचं काम नांदेडच्या एका फ्लेक्सवाल्या भाईकडे होतं. हात सफाईदार, माणूस दिलदार, पण सगळं आयुष्य वाढदिवसाच्या बॅनरांत गेलेलं. मजकुराची फाईल त्यानं उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "सर, पयले वरच्या रांगेतले चेहरे सांगा. कोन मोठा, कोन बारीक. मजकूर मंग बसवून टाकतो."

"चेहरे नकोत, भाई. हे बॅनर नाही."

"साहेब लोक नाराज होतील, बघा." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बिननवरदेवाचं लग्न लावायला निघालोय.

त्याचंच खरं झालं. त्या महिन्यात एक महत्त्वाची बातमी होती. लोह्याकडच्या खेड्यांतून नांदेड युनिटला डाळ निवडायला बाया येतात. त्यांना कंपनीची बस गावाच्या फाट्यावरून उचलायची. आता फाटे बंद; सोमवारपासून बस फक्त लोह्याच्या स्टँडवर थांबणार. मी ती बातमी पहिल्या पानावर घेतली. पण त्याच महिन्यात संचालकांच्या पुतण्याचा वाढदिवस आला.

"पहिल्या पानावर बस? शोभतं का ते?" संचालक म्हणाले.

मी टेबलावर हात आपटून सांगितलं, की निदान सुपरवायझरला बायांना तोंडी तरी सांगू द्या. ते म्हणाले, "मुळीच नाही. तोंडी सांगितलं तर अंक कोण वाचेल? वाचायची सवय लागू द्या लोकांना." बस गेली शेवटच्या पानावर, रांगोळी स्पर्धेच्या निकालाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. पहिल्या पानावर मधोमध पुतण्या, वर ओळीनं सगळे साहेब, खाली शुभेच्छुक. भाईनं कोपऱ्यात फटाकेही फोडले होते.

त्या बायांमधली एक त्याच महिन्यात कायम होणार होती. कित्येक वर्षं रोजंदारीवर काढल्यावर तिचा नंबर लागला होता. पुढच्या अंकातल्या 'नवे कायम कर्मचारी' या सदरासाठी तिनं लोह्याच्या स्टुडिओत फोटो काढून माझ्याकडे दिला होता. मागे निळा पडदा, अंगावर लग्नातली साडी, आणि चेहरा असा गंभीर की जणू कलेक्टरच झालीय. अट एकच होती, त्या महिन्यात न कळवता खाडा नको.

सोमवारी मी पहाटेच्या एसटीनं नांदेडला निघालो होतो. लोह्याच्या अलीकडच्या फाट्यावर पाहिलं तर कंपनीचे ॲप्रन घातलेल्या बाया रस्त्याकडे डोळे लावून उभ्या. मी धावत्या गाडीतून ओरडून कंडक्टरला बेल मारायला लावली आणि उतरलो. बस लोह्याहून कधीच निघून गेली होती. कायम होणारी ती बाईही त्यांच्यातच होती. डबा जमिनीवर ठेवलेला, आणि डब्याखाली आमचा गुळगुळीत अंक अंथरलेला.

मी अंक उचलून शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. "हे वाचलं नाही का, बाई?"

तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं. मग पान उलटून पुतण्याचा फोटो मला दाखवला. "सर, आमाला वाटलं हे वाढदिवसाचं हाय. वाढदिवसाचं कोन वाचतंय?"

मला इतकी चीड आली, की तिथंच तो अंक टराटरा फाडावासा वाटला. तिची काय चूक होती? आपल्या चौकांतल्या बॅनरांनी तिला हेच शिकवलंय, की चेहरे दिसले की पुढे व्हायचं, तिथं आपल्या कामाचं काही नसतं.

मिळेल त्या जीपनं आम्ही नांदेड गाठलं. गेटवर मॅनेजरनं बायांना आत घेतलं नाही, खाडा लावला. मी भांडलो, आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "छापून दिलं होतं ना? मग झालं तर." मी लातूरला फोन लावला. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नियम तो नियम. पण अंक लई भारी दिसला बघा, पुतण्या खूश आहे." तिचं कायम होणं पुढं ढकललं. कधीपर्यंत, ते कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या अंकाच्या वेळी भाईचा फोन आला. "सर, त्या बाईचा फोटो रद्द झाला, तिथं जागा उरली. कोनाला टाकू?"

"बसच्या वेळा टाका. सगळ्यात वर, साहेबांच्या डोक्यावर."

त्यानं टाकल्या. लातूरच्या ऑफिसनं छपाईच्या आधी काढल्या, आणि अंकाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्या जागेवर पुतण्याचे आभार छापून आले.

नंतर नांदेडला गेलो तेव्हा ती गेटजवळ भेटली. एवढंच म्हणाली, "सर, छापायचा नसंल तर माझा फोटो तेवढा माघारी द्या. मी घरी सगळ्यायला सांगून ठेवलं व्हतं."