विरंगुळ्याचे नाना

रिकामा बसलेला माणूस नानांना बघवत नसे, आणि आमच्या पाठशाळेने त्यांना नेमलं होतं ते मुलांच्या रिकाम्या वेळेवर. संध्याकाळी पाच ते सहा हा आमचा मोकळा तास. पाचला एक मिनिट कमी असताना नाना गच्चीच्या दारात उभे राहत आणि सहा वाजेपर्यंत कुणालाही बसू देत नसत. हातात एक वही. तीत रोजची नोंद असे. मी एकदा चोरून वाचली होती. 'दीपक : खेळला. गणेश : खेळला, पण मनापासून नाही. भगवान : कबुतराकडे बघत होता. चालेल.'

आमची पौरोहित्य पाठशाळा सुरतेत, उधन्याच्या एका गल्लीत होती. तळमजल्यावर साड्यांना घड्या घालण्याचं काम चाले, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही आणि त्यावर गच्ची. आम्ही सोळा जण होतो. कुणाचे वडील कापड विणणाऱ्या लूमवर, कुणाचे बांधकामावर, कुणाची भाजीची गाडी. जळगाव, धुळे, परभणी, अकोला अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली अठरा-वीस वर्षांची मुलं दोन वर्षांत पूजा, शांती आणि संस्कार शिकायला बसली होती. शिकवायला मोठे गुरुजी. ते नांदेडकडचे. त्यांची शिस्त अशी की शिंक आली तरी ओळ पुरी करून मग शिंकायचं.

पुढे विश्वस्तांच्या डोक्यात आलं की मुलांचा सर्वांगीण विकास व्हायला हवा, त्यांना विरंगुळा हवा. त्या कामाला माणूस शोधताना एका विश्वस्ताला नाना आठवले. नानांनी छत्तीस वर्षं कडोदऱ्याच्या लूम कारखान्यात मास्तर म्हणून काढली होती. मशीन अडलं की नाना धावायचे. तो कारखाना नुकताच बंद झाला होता. अशा रीतीने छत्तीस वर्षं बारा-बारा तासांची पाळी केलेला माणूस आमच्या विरंगुळ्याचा प्रमुख झाला. आम्ही त्यांना विरंगुळ्याचे नाना म्हणायचो. त्यांना ते पदाचं नाव वाटायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि विचारलं, "बोला, काय बिघडलं शे?"

"काही नाही, नाना," दीपक म्हणाला.

"मग मी काय करू?"

शेवटी गणेशने कॅरम बोर्डाचा एक पाय हलतो म्हणून सांगितलं. नानांचा चेहरा उजळला. तो पूर्ण तास त्यांनी कॅरम दुरुस्त केला आणि आम्ही सोळा जण भोवती उभं राहून बघितलं. सहा वाजता ते म्हणाले, "झालं. उद्या दुसरं काही बिघडू द्या."

क्रिकेटमध्ये नाना पंच असत. लूमच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे आमचं अपील त्यांना ऐकू येत नसे आणि त्यांचा निर्णय ते तोंडाने देत नसत. कारखान्यात इतका खडखडाट असतो की माणसं हातांनीच बोलतात. नाना पंचगिरीही त्याच भाषेत करत. दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली की काय समजायचं, मूठ हवेत फिरवली की काय, याचा अर्थ आम्हीच आपापसांत ठरवून टाकला होता. कात्री म्हणजे वाइड, मूठ म्हणजे चार धावा. कानाची पाळी धरली की नो बॉल. ते असं का करतात हे विचारलं तर नाना म्हणत, "सांगितलं ना मी." आणि पुन्हा तीच खूण करून दाखवत.

सहलीचा विषय निघाला तेव्हा आम्ही सगळे एका आवाजात डुमसच्या समुद्रावर जाऊ म्हणालो. नानांनी विचारलं, "समुद्रावर काय करतात?"

"बसतात, नाना. बघतात," मी म्हणालो.

"काय बघतात?"

"समुद्र."

नानांनी दोन दिवस विचार केला आणि टेम्पो ठरवून आम्हाला चलथाणच्या बाजूला एका साखर कारखान्यावर नेलं. तिथे निदान काहीतरी चालू असतं, असं त्यांचं म्हणणं. हंगाम सुरू व्हायचे दिवस होते. फाटकावरच्या रखवालदाराने धोतर नेसून गंध लावलेले सोळा जण टेम्पोतून उतरताना पाहिले आणि तो आत धावला, "महाराज आवी गया, महाराज आवी गया." कुणी काही विचारायच्या आत आमच्या हातात हळद-कुंकू आलं. आम्ही वजनकाट्याची पूजा केली. बॉयलरची केली. उसाने भरलेल्या तीन ट्रकांची आणि साहेबांच्या नव्या खुर्चीची केली. नाना प्रत्येकाला अडवून सांगत होते की ही पोरं आज सुट्टीवर आहेत. साहेब हात जोडून म्हणाले, "ना काका, आजे रजा नथी. बधुं चालू छे." म्हणजे आज सुट्टी नाही, सगळं चालू आहे. संध्याकाळी प्रत्येकी एक पुडा साखर घेऊन आम्ही परतलो. नानांनी टेम्पोतच वही काढली. वहीत त्यांनी लिहिलं, 'सहल : झाली नाही.'

म्हणून पुढच्या रविवारी ते आम्हाला डुमसला घेऊन गेले. तेव्हा कळलं की छत्तीस वर्षं सुरतेत राहून नानांनी समुद्र पाहिला नव्हता. काळ्या वाळूत ते चपला हातात धरून उभे राहिले. आम्ही खेळलो, भजी खाल्ली, गणेश धोतरासकट पाण्यात पडला. नाना जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे बंद कधी होतं?"

"हे बंद होत नाही, नाना."

ते पुन्हा लाटांकडे बघत राहिले. मग अगदी काळजीने म्हणाले, "मग पाळी कोण बदलतं?"

मी हसलो नाही. हसावंसं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही.

आमचा मोकळा तास संकटात आला तो भगवानमुळे. एका घरी वास्तुशांत होती. मोठ्या गुरुजींच्या हाताखाली आम्ही सहा जण गेलो होतो. यजमानांनी उंबऱ्यावर फोडायला नारळ उचलला आणि त्यांच्या तेलकट हातातून तो सुटून मागे उडाला. भगवान कलश मांडत होता. त्याने तिथूनच उजवीकडे झेप घेतली आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर नारळ एका हातात झेलला. इथपर्यंत ठीक होतं. पण त्याने तो हात उंच केला, आणि आम्ही उरलेले पाच जण दोन्ही हात वर करून मोठ्या गुरुजींकडे वळलो आणि ओरडलो. यजमानांच्या घरची मुलं खूश झाली. यजमानही खूश झाले. मोठे गुरुजी मात्र पुण्याहवाचनाच्या मधोमध डोळे मिटून बसले, ते बराच वेळ उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विश्वस्तांकडे लेखी मागणी केली. पाच ते सहा हा तास बंद करून त्या जागी पाठांतर ठेवावं. "मोकळा वेळ म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांत कुणी समजावून सांगितलेलं नाही," ते आम्हाला म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

नानांना ही बातमी मी सांगितली. दोनदा सांगावी लागली, एकदा डाव्या कानात आणि एकदा उजव्या. तास गेला तर नानांचं कामही जाणार होतं. त्यांनी वही मिटली. "एक कारखाना बंद झाला तेव्हा माझी चूक नव्हती," ते म्हणाले. "ह्या वेळी असेल." आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, पण नाना आमच्यासमोर गच्चीच्या कठड्यावर बसले.

निर्णय घ्यायला पाठशाळेचे अध्यक्ष स्वतः आले. साड्यांचे मोठे व्यापारी, पांढरा सफारी, शांत माणूस. रविवारी पाच वाजता त्यांच्यासाठी गच्चीवर खुर्ची मांडली. शेजारी मोठे गुरुजी. आम्हाला विरंगुळा करून दाखवायचा होता. सोळा जण ओळीने उभे, आणि कुणालाच काही सुचेना. गणेशने कॅरमची सोंगटी उचलली आणि परत ठेवली. दीपक उगाच हसला. दहा मिनिटं अशी गेल्यावर अध्यक्षच कंटाळून उठले आणि म्हणाले, "आणा ती बॅट इकडे."

भगवानने टाकलेला पहिलाच चेंडू अध्यक्षांच्या मागच्या पत्र्याच्या डब्यावर लागला. डबा वाजला. तो आमचा स्टंप होता. पण अध्यक्षांना त्रिफळाचीत कसं म्हणायचं? आम्ही सगळे आभाळाकडे बघू लागलो. मोठे गुरुजी म्हणाले, "वाऱ्याने वाजला असेल." सगळ्यांनी मान डोलावली. नानांकडे कुणी बघत नव्हतं. त्यांनी शांतपणे दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली.

"वाइड," दीपक घाईने म्हणाला. "नाना वाइड म्हणताहेत, साहेब. खेळा."

अध्यक्ष नानांकडे बघत राहिले. मग त्यांनी बॅट खाली ठेवली.

"वाइड नाही," ते म्हणाले. "धाग्याची तार तुटली. मशीन बंद." आणि ते क्रीज सोडून बाजूला झाले.

नाना एक पाऊल पुढे आले. अध्यक्षांनी हात वर करून मूठ हवेत फिरवली. नानांनी तळहात दाबून उत्तर दिलं. अध्यक्षांनी मनगटावर दोनदा बोट आपटलं. नाना हसले आणि कोपरापासून हात हलवून काहीतरी लांबलचक सांगू लागले. सुरतेत आल्यावर अध्यक्षांनी पहिली सात वर्षं लूमवर काढली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि बहुधा त्यांच्या मुलांनाही नसावं. गच्चीच्या दोन टोकांना उभे राहून ते दोघं दहा-बारा मिनिटं बोलत होते. आवाज नाही, शब्द नाही. मध्ये उभे असलेले मोठे गुरुजी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होते. बोलता बोलता अध्यक्षांनी एकदम डोळे पुसले, आणि लगेच पोटातून हसले. नानांनी कानाची पाळी धरली तेव्हा तर ते हसून खुर्चीत बसले.

"ही खूण म्हणजे काय हो, साहेब?" मी धीर करून विचारलं.

"शेठ येतोय," ते म्हणाले.

तेव्हा आम्हाला उमगलं. मोठे गुरुजी जिन्यात आले की नाना आम्हाला सावध करायचे, आणि आठ महिने आम्ही प्रत्येक वेळी नो बॉल समजून एक जादा चेंडू टाकत होतो.

निघताना अध्यक्ष मोठ्या गुरुजींना म्हणाले, "तास राहू द्या, गुरुजी. फक्त पूजेत नारळ झेलायचा नाही."

"आणि हातातून सुटलाच तर?" भगवानने विचारलं.

अध्यक्षांनी जरा विचार केला. "तर झेला. ओरडू नका."

दहा मिनिटं काय बोलणं झालं ते नानांनी कधी सांगितलं नाही. फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, "घरचं विचारत होता."

आमची दोन वर्षं संपली त्याच उन्हाळ्यात नानांचे गुडघे जिना चढेनासे झाले आणि ते पारोळ्याकडच्या आपल्या गावी निघून गेले. मी सुरतेतच राहिलो. पांडेसरा, लिंबायत, उधना इथली घरं मला आता 'गुरुजी' म्हणतात. वर्षातून दोन-तीनदा नानांचा फोन यायचा. ते ओरडून एकच प्रश्न विचारायचे, "या आठवड्यात खेळला का?" माझं उत्तर त्यांना ऐकू जायचं नाही, म्हणून मी दर वेळी हो म्हणायचो.

गेल्या माघात ते गेले. मला उशिरा कळलं. महिन्याभराने मी आणि भगवान त्यांच्या गावी गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा. ओट्यावर नानांच्या पत्नी बसल्या होत्या, हातात काही काम नाही. आम्ही सुरतेहून आलो, नानांच्या हाताखाली होतो, असं सांगितलं. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी कुठे आहे ते सांगितलं. भगवानने घेऊन दिलं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "चहा घ्याल ना?"

"कशाला त्रास, मावशी," मी म्हणालो.

"मला कसला त्रास. आज ऐतवार शे. मी ऐतवारी शेगडीजवळ जात नाही." आणि मग आम्हाला कळावं म्हणून त्यांनी सावकाश सांगितलं. नाना गावी परतले त्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांनी बायकोला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. आज तुझी सुट्टी, म्हणाले. स्वयंपाक स्वतः केला. चहा, खिचडी, संध्याकाळची भाकरीसुद्धा. गावातले लोक बघायला यायचे. मावशी पहिले दोन महिने नुसत्या रडायच्या, काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून. मग सवय झाली. "सून म्हणते, आता ते नाहीत, उठा. पण मी नाही उठत. तुम्ही करा चहा. साखर वरच्या फळीवर आहे."

मी आत गेलो. शेगडी पेटवली, आलं ठेचलं, दूध माझ्याकडून उतू गेलं. भगवानने कप विसळले. तीन कप घेऊन आम्ही बाहेर आलो. मावशींनी बशीत ओतून एक घोट घेतला, थोडं थांबून दुसरा घेतला.

"त्यांच्याइतकाच वाईट झालाय," त्या म्हणाल्या, आणि आणखी हवा म्हणून बशी पुढे केली.