थेंब न्हाय

पांडू नाखव्याची होडी मी पाणी भरून न पाहताच समुद्रात लोटू दिली, आणि दुसऱ्या दिवशी मोटारी बांधायला मुंबईला निघून गेलो.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तसं माझं सगळंच कळतं – कौलात लपवलेल्या विड्यासुद्धा – पण या एका गोष्टीचा वास तिला लागला नाही. तुम्ही परके, म्हणून तुमच्यापाशी बसलोय. परक्याला सांगणं सोपं, असं म्हणतात. बघू.

मी थळचा होड्यांचा सुतार. बाप तोच, आजा तोच. अलिबागेत पहिली सर्व्हिस मोटार आली तेव्हा सगळे पुढचं इंजीन बघत होते, मी मागची लाकडी बॉडी बघत होतो – बाकं, खांब, छपराची कमान. मनात म्हटलं, अरे, ही तर पालथी घातलेली होडी! हे आपल्याला येतं की! मुंबईच्या एका कारखान्याला असे सुतार हवे होते. तिथल्या फोरमनने निरोप धाडला : सोमवारी सकाळी उभा राहा, नाहीतर तुझ्या जागी दुसरा उभा राहील.

झालं. मी गावभर सांगत सुटलो. कोट शिवायला टाकला. होडीच्या सुताराला कोट कशाला? – माशाच्या तेलाचा वास कोटाने झाकतो, अशी माझी समजूत. झाकत नाही. आता पक्कं ठाऊक आहे.

एकच काम उरलं होतं, पांडू नाखव्याची होडी. तळाच्या फळ्या नव्या घातल्या होत्या, सांध्यांत राळेत भिजवलेला कापूस ठोकून भरला होता. आमच्यात रीत अशी – होडी कोरडीवर असतानाच आत घागरींनी पाणी भरायचं, रात्रभर ठेवायचं, आणि सकाळी खाली वाकून बाहेरून बघायचं. पाझरेल तो सांधा उकरून पुन्हा भरायचा. मग लोटायच्या वेळी नाखवा चारचौघांत विचारतो, 'मेस्त्री, पानी?' मेस्त्री तळाला पंजा टेकवून म्हणतो, 'थेंब न्हाय.' त्याशिवाय नारळ फुटत नाही, होडी हलत नाही. सही नाही, शपथ नाही. पंजा हीच शपथ.

तर मी पाणी भरलंच नाही –

नाही. हे खोटं. बघा, कबूल करायला बसलो तरी जात्याच हात रंधा मारतो! मी पाणी भरलं होतं. सकाळी वाकलोही होतो. मधल्या कण्याजवळच्या सांध्यात एक थेंब जमत होता. जमायचा, लोंबायचा, पडायचा. पुन्हा जमायचा. तो सांधा नीट करायचा तर आणखी दोन दिवस हवेत. मग सोमवारचं काय? कोटाचं काय? मी पाणी उपसून टाकलं, सांधा धोतराने पुसला, वरून राळेचा एक हात फिरवला. स्वतःला म्हटलं, लाकूड फुगेल, सांधा बसेल. बसतो कधीकधी. पण 'कधीकधी'च्या भरवशावर कुणी माणसं समुद्रात धाडतं का?

लोटायला सगळा कोळवाडा जमला. पांडूचा धाकटा भाऊ जनू माझ्या अगदी खांद्याशी उभा होता. पांडूने हसत विचारलं, "मेस्त्री, पानी?" मी पंजा नेमका त्याच सांध्यावर टेकला. सगळा तळ मोकळा होता, पण चोराचा हात चोरीच्या जागीच जातो. मोठ्याने म्हणालो, "थेंब न्हाय!" तळव्याला गार लागलं. पंजा धोतराला पुसला. नारळ फुटला, एक भकल मला मिळालं. पांडू म्हणाला, "मुंबैला जाऊन आमाला इसरू नको हां, मेस्त्री." रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या बोटीची वाट बघत मी ते खोबरं खाल्लं. गोड होतं.

लाकूड फुगलं. सांधा बसला. होडी काही महिने चालली, आणि मुंबईत मी स्वतःची पाठ थोपटत राहिलो. मग शिमग्याच्या तोंडावर, मासळीने भरून येताना, उंदेरी बेटाच्या अलीकडे ती तळातून भरली. जनू वल्ह्याला धरून खडकाला लागला. पांडू लागला तो थळच्या वाळूत, तिसऱ्या दिवशी.

गावाने निकाल दिला – सुकाणू जनूच्या हातात होतं, डोळा लागला असणार, होडी खडकावर घातली. जनू परोपरीने सांगायचा, "खडक लागलाच न्हाय, पानी खालून आलं!" पण खालून कसं येईल? मेस्त्रीने पंजा टेकला होता ना?

मी पांडूच्या दिवसकार्याला गेलो होतो. त्यांची आई माझ्यासमोर येऊन बसली. "मेस्त्री, तू तरी खरं सांग. होडीत काय खोट व्हती काय र?" जनू दारात उभा होता. मी म्हणालो, "होडीत खोट न्हवती, आये."

समजलं का तुम्हाला? पहिलं खोटं मी घाईत बोललो. हे बसून बोललो, त्यांच्याच घरचा चहा पीत.

त्यानंतर जनूला कुणी होडीत घेतलं नाही. मी हौसेने धंदा बदलला, त्याचा मी बदलायला लावला. डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन तो गावोगाव फिरू लागला. कोळवाड्यात ते बायकांचं काम. पोरं मागून ओरडायची. आणि मी? माझं मोटारींच्या छपरांत नाव झालं. उताणा पडून सांधे भरतो, आणि तोच थेंब लोंबताना दिसतो. दर गणपतीला ठरवतो की यंदा गावात सांगायचं. मग म्हणतो, आता त्याची आई गेली, त्याचे केस पिकले. गेलेलं नाव परत मिळालं तरी तो कुठल्या होडीत चढणार? असं म्हणतो, आणि कोटाची बटणं लावतो.

गेल्या गणपतीला पेणहून अलिबागेला येत होतो. मोटार आमच्याच कारखान्याची, छप्पर माझ्या हातचं. शेजाऱ्याला ते सांगायला मोठ्या रुबाबात तोंड वळवलं – तर शेजारी जनू. मांडीवर पाटी. पावसाने जोर धरला, आणि छपराच्या सांध्यात एक थेंब जमला. लोंबला. सुकटीत पडला. मग दुसरा. भिजकी सुकट कोण घेणार? उठून उभा राहिलो आणि सांध्यावर पंजा दाबून धरला. पाणी मनगटावरून कोटाच्या बाहीत उतरू लागलं. सगळी मोटार माझ्याकडे बघत होती.

जनूने पाटी बाजूला सरकवली. वर बघितलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

"काढ तो हात, मेस्त्री. तवाबी वलाच व्हता."