नसलेली डोअरबेल

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे, उतारे आईने कधी दारात उभे केले नाहीत. त्यात मी हार्डवेअर इंजिनियर... चिपमध्ये एक म्हणजे एक आणि शून्य म्हणजे शून्य. पण गेल्या उन्हाळ्यात वणीजवळ, राजूरकडच्या एका भुयारी कोळसा खाणीत जे झालं, ते मला अजून कशातच बसवता आलेलं नाही.

काम साधं होतं. खाली खाणीत गॅस मोजणारा एक बोर्ड, वर कंट्रोल रूममध्ये दुसरा, मध्ये फायबर. दोन बोर्ड बोलायला लागण्याआधी एकमेकांना ओळख देतात — मी कोण, मला काय काय जमतं. ही माहिती चिपमधल्या कॅपॅबिलिटी रजिस्टरमध्ये असते, आणि ती मीच भरली होती. खालच्या बोर्डाने वरून विचारलं तरच रीडिंग द्यायचं. स्वतःहून वरच्याला हाक मारणं, आमच्या भाषेत 'डोअरबेल', त्याला जमणार नव्हतं. त्याचं सर्किटच मी चिपमध्ये घातलं नव्हतं.

टेस्टिंग भर दुपारी होतं. माझे सख्खे मामा त्याच खाणीत फिटर. ते आणि त्यांचे जोडीदार शामराव खाली बोर्डाची पेटी भिंतीला कसत होते. वर मी आणि टीममधला निखिल.

स्क्रीनवर ओळ उमटली. डोअरबेल. खालच्या बोर्डाकडून.

"तुझा जुना टेस्ट कोड राहिला असेल," निखिल म्हणाला.

मी रजिस्टर वाचलं. डोअरबेलचा बिट शून्य, म्हणजे ती सोयच नाही. पुन्हा वाचलं... शून्यच. तेवढ्यात दुसरी डोअरबेल. मग तिसरी. गॅसचं रीडिंग मात्र एकदम नॉर्मल.

निखिल केबल तपासायला उठला. काय करतेय हे कळायच्या आत मी खाणीचा फोन उचलला.

"मामा, वर या. दोघंही."

"काहून व? दोनच बोल्ट राह्यले. कसून येतो ना."

"राहू द्या बोल्ट. आत्ता निघा."

"गॅस हाय काय?"

"नाही."

"मंग?"

काय सांगणार? "मले नाई माहीत, मामा. पण या तुम्ही."

फोनवर मामांचा आवाज, जरा लांबून — "शामराव, चाला. पोरगी रडून राह्यली."

मी रडतेय हे मला तेव्हा कळलं.

डोअरबेल येतच होत्या. ओळीवर ओळ, आधीपेक्षा भरभर. आणि मग एकदम लिंक तुटली. स्क्रीन गप्प.

मी खाणीच्या तोंडाशी पळाले. किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. आतून आधी धूळ आली... मग खोकत खोकत शामराव, आणि त्यांच्या मागे मामा.

"वळणावर पोचलो आन् मागं छत बसलं," मामा म्हणाले. "पेटी लावून राह्यलो होतो, तिथंच." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "तुले दिसलं तरी काय व?"

मी त्यांच्या अंगावरची धूळ झटकत राहिले.

नंतर, चिपमधलं सर्किट ज्या फाइलमधून घडतं, तीच फाइल मी दुसऱ्या बोर्डात टाकली. तापवला, हलवला, वीज तोडून जोडली. एकदाही डोअरबेल आली नाही. आमचे सीनियर म्हणाले, फायबरमधला नॉइज, म्हणजे सिग्नलमधली नुसती खरखर. पण लॉगमध्ये प्रत्येक पॅकेट बिनचूक आहे, पाठवणाऱ्याचा आयडीसुद्धा. दगडाच्या दाबाने चिप बिघडली म्हणावं, तर बिघडलेली चिप गप्प बसते किंवा बरळते. नसलेल्या सर्किटमधून नीट हाक मारत नाही.

तो बोर्ड अजून ढिगाऱ्याखाली आहे. तो भाग आता कायमचा बंद केलाय. तुमच्यापैकी कोणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. फक्त नॉइज म्हणू नका... ते मी स्वतःला रोज सांगून पाहते.